मिझनाच्या बरगड्या

आमच्या दवाखान्यात एक्स-रेच्या खोलीबाहेर एक पाटी आहे: ‘फोटोत काय दिसतं ते डॉक्टरांनाच विचारावे.’ पाटी मीच लावली आणि सत्तावीस वर्षांत तिला सगळ्यांत जास्त धाब्यावर बसवलं तेही मीच. करणार काय? हाडांचे फोटो वाचणारे मोठे डॉक्टर राजधानीहून यायचे ते फक्त मंगळवारी, तेही रस्त्यावर वाळू आली नसेल तर. बाकीचे सहा दिवस लोकांनी काय हाडं मोडून घ्यायची नाहीत? मग लोक माझ्याच दाराशी येतात, ‘सित्त’ म्हणजे बाईसाहेब म्हणत. “सित्त इन्साफ, मोडलंय का हो?” आणि मी सांगते. माझ्या जिभेला हाड नाही असं आई म्हणायची, आणि नोकरी लागली ती नेमकी हाडांची.

ही गोष्ट मोबाइल येण्याच्या आधीची. फोटोची फिल्म तेव्हा अंधाऱ्या खोलीत औषधाच्या टाकीत बुडवून काढावी लागायची, आणि बाहेर आली की ओल्या कपड्यासारखी चिमट्याला टांगायची.

गुरुवारचा दिवस होता. सकाळी दहाच्या सुमाराला हायल आपल्या बहिणीला दोन्ही हातांवर उचलून आत आला. पूर्वेच्या माळावर तंबू ठोकून राहणारी, शेळ्या-मेंढ्यांवर जगणारी ही माणसं. तिशीचा आडवातिडवा गडी, डोक्याला लाल चौकड्यांचा रुमाल. कमरेचं पिस्तूल त्याने न सांगता फाटकावर पहारेकऱ्याकडे ठेवलं होतं. आमच्याकडे ही रीतच आहे. लोक चपला काढून ठेवतात तशी पिस्तुलं ठेवतात.

“खाला, हिला बघ,” तो मला म्हणाला. “चार महिन्यांनी माहेरी आली. आईने मिठी मारली तर किंचाळली. जमिनीवर बसली तर उठता येईना. चालते तर बदकासारखी डुलते. तेवीस वर्षांची पोर, आणि चाल आमच्या आजीची!”

“पडलीस का गं?” मी तिला विचारलं.

“नाही,” ती बुरख्याआडून म्हणाली. “नुसतंच दुखतं.”

तिचं नाव मिझना. चार वर्षांपूर्वी तिला आमच्या गावातल्या बासेलला दिली होती. बस अड्ड्यामागच्या बेकरीचा मालक तो. मीही त्याच्याकडूनच रोट्या घ्यायची. किडकिडीत माणूस, हातभर भाजल्याचे डाग, बोलायचा तर समोरच्याला ऐकू यायचं नाही. दोन मुलं होती त्यांना, धाकटं सहा महिन्यांचं, अंगावर पिणारं.

हायलने तिला टेबलावर ठेवलं. तिच्या तोंडावरचं कापड मी बाजूला केलं तेव्हा तो अभिमानाने म्हणाला, “बघ, शहरात देऊन कशी दुधासारखी गोरी झाली! तंबूत होती तेव्हा आमच्यासारखीच करपलेली होती. चौदा माणसांसमोर शब्द घेतला होता मी त्याच्याकडून. म्हटलं, माझ्या बहिणीवर परक्याची नजर पडता कामा नये. तेवढा एक शब्द पाळलाय त्याने.”

“बरं बरं, आता बाहेर थांब,” म्हणत मी त्याला हाकललं.

पोर खरंच गोरी होती. ओठसुद्धा पांढुरके. दवाखान्याचा झगा घालायला दिला तर दोन्ही हात वर करताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं. अंगावर वण नव्हता. एकही नाही. मी ते पाहिलं आणि पाहूनही डोक्यात घेतलं नाही, हे आज मला कबूल केलंच पाहिजे. मी उजव्या कुशीवर अंगठा नुसता टेकवला तर ती दात-ओठ आवळून कळवळली.

“उजवीकडे जास्त दुखतं?”

“हो. बाळाला उचललं की जीव जातो.”

म्हणून मी तिला तिरकं झोपवून फक्त उजव्या बरगड्यांचा फोटो घेतला. फिल्म बाहेर आली. दिव्याच्या काचेवर लावली. तीन बरगड्यांवर तीन आडव्या काळ्या रेघा, एकाखाली एक.

माझ्या डोक्यात सणक गेली. का गेली तेही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल बाई उगाच भडक आहे. त्याच्या नऊ वर्षं आधी एक बाई मनगट मोडून आली होती. जिन्यावरून पडले म्हणाली. फोटोत मनगटाशेजारी आणखी दोन जुनी मोडलेली, आपोआप जुळलेली हाडं दिसत होती. नवरा दाराशी उभा होता, आणि मी नेमकी त्याच दिवशी ती पाटी पाळली. गप्प बसले. चार महिन्यांनी तिला चादरीखाली घालून आणलं. त्या बाईचं नाव मी कुणाला सांगत नाही, पण नमाजाला बसले की ते मला आठवतंच.

“कोण मारतं तुला?” मी मिझनाला विचारलं.

तिने डोळे मोठे केले. “मला? कुणी नाही.”

“नवरा?”

“खाला, तो पीठसुद्धा हळू झटकतो!”

“मग सासू.”

“ती माझे केस विंचरते. स्वतःच्या हाताने.”

“सगळ्या असंच म्हणतात, पोरी,” मी म्हटलं. “सगळ्या.”

“पण मला खरंच कुणी...”

तिचं बोलणं पुरतं ऐकायलासुद्धा मी थांबले नाही. दार उघडून बाहेर गेले. हायल बाकावर बसला होता, हातात मण्यांची माळ. त्याने नुसती मान वर केली.

“मोडलंय का, खाला?”

“तीन बरगड्या मोडल्यात,” मी म्हणाले. “आणि बरगड्या आपोआप मोडत नाहीत, हायल. ती काही बोलणार नाही. तू तिचा भाऊ आहेस. तूच काय ते समजून घे.”

एवढंच बोलले. जास्त नाही, कमी नाही. त्याने माळ खिशात टाकली, उठला, मला म्हणाला, “अल्ला तुझ्या हातांना बळ देवो,” आणि निघून गेला. मला तर बरंच वाटलं, खोटं कशाला बोलू! नऊ वर्षांचं ओझं उतरल्यासारखं वाटलं. आता तिच्या माहेरची माणसं येतील, वडीलधारी बसतील, त्या बेकरीवाल्याची कानउघाडणी होईल, असं काहीतरी मनात होतं.

आत आले तर डॉक्टर इयाद काचेसमोर उभे. नवेकोरे, सहा महिन्यांपूर्वीच आलेले, अजून मिशी धड फुटलेली नाही.

“सित्त इन्साफ, कमरेचाही फोटो काढा.”

“दुखतंय तर बरगड्यांत.”

“पण तिला उठता येत नाही ना? बरगडी मोडली म्हणून माणसाचं उठणं का अडावं?”

पोरगं बरोबर बोलत होतं, म्हणून मला जास्तच राग आला. तरी काढला फोटो. तिचे पाय सरळ करताना ती अल्लाचं नाव घेत होती. फिल्म टाकीत बुडवली, मिनिटं मोजली, काढली, काचेवर लावली.

आणि मी काचेच्या आणखी जवळ सरकले.

मांडीचं हाड वर जिथे खुब्यात शिरतं, तिथे मानेसारखा निमुळता भाग असतो. तिथे आतल्या बाजूला एक रेघ. डावीकडे. आणि उजवीकडे तशीच एक रेघ. त्याच जागी, त्याच जाडीची, आरशात पाहावं तशी. खाली ओटीपोटाच्या हाडावर आणखी एक जोडी. डावी-उजवी.

“डाव्या बरगड्या!” मी ओरडले. “मी डाव्या बरगड्या घेतल्याच नाहीत!”

लगेच तिला दुसऱ्या कुशीवर वळवलं. डाव्या बाजूलाही तीन रेघा. त्याच तीन बरगड्या. शिवाय पाठीच्या दोन्ही फऱ्यांच्या कडेला एकेक.

अहो, सत्तावीस वर्षं मी मोडलेली हाडं बघते. गाढवाने लाथ मारलेली, विहिरीत पडलेली, नवऱ्याने मारलेली. मारणारा माणूस रागात असतो. तो उजव्या हाताचा असतो नाहीतर डाव्या. तो फूटपट्टी घेऊन दोन्हीकडे मोजून मारत नाही. आणि ताजं मोडलेलं हाड तुटल्या काडीसारखं दिसतं, इथे तर रेघांच्या कडा दाट, गुळगुळीत, कधीपासूनच्या. हे मोडणं नव्हतंच. हाडं आतून मऊ पडून, रोजच्या चालण्या-उचलण्याच्या भाराने जागोजाग उसवली होती.

“असं मी पुस्तकात पाहिलंय,” डॉक्टर इयाद हळूच म्हणाले. “हाडांत चुना भरत नाही तेव्हा होतं. रक्त तपासू. ऊन मिळालं नाही की...”

मी मिझनाकडे वळले. “पोरी, शेवटचं उन्हात कधी बसली होतीस?”

ती विचार करायला लागली.

“लग्नाआधी,” ती म्हणाली. “घर तळमजल्यावर आहे. समोर मोठी इमारत झाली, तिच्या खिडक्या आमच्या खिडक्यांवर. म्हणून झडपा बंदच असतात. गच्चीवर कपडे सासू वाळत घालते, तिथेही सगळीकडून दिसतं ना.” मग ती थोडी हसली. “सगळ्या म्हणतात, किती गोरी झालीस. आईसुद्धा. मला वाटलं, शहराचं पाणी मानवलं.”

“मानवलं! या अल्लाह!” मी कपाळावर हात मारला.

“खाला, मला रीशासारखं झालंय का?”

“कोण रीशा?”

“आमचं करडू. लहानपणी एका हिवाळ्यात लांडगा फिरत होता, म्हणून वडिलांनी शेळ्या गुहेत घातल्या आणि गुहेचं तोंड दगडांनी बुजवलं. रीशा आतच जन्मली. बाहेर काढली तर तिचे पाय वाकलेले. तिला उभं राहता यायचं नाही. हायल रोज तिला खांद्यावर घेऊन टेकडीवर उन्हात नेऊन बसवायचा.” ती थांबली. “हायल कुठाय?”

या प्रश्नाने मला भान आलं. मी धावतच फाटकावर गेले.

“पिस्तूल घेऊन गेला,” पहारेकरी म्हणाला. “जनावरांच्या बाजारात चुलतभावाला घ्यायला. म्हणाला, एकट्याने केलं तर लोक म्हणतील चोरून केलं. साक्षीला माणूस हवा.”

“काय केलं तर?” मी विचारलं, माहीत असून.

पहारेकऱ्याने नुसते खांदे उडवले.

डॉक्टर इयादने पोलीस चौकीला फोन लावला. गाडी पाण्याच्या भांडणावर पलीकडच्या गावी गेली होती. येईल म्हणाले तासाभरात. मी ओल्या फिल्म चिमट्यावरून ओढल्या.

“सित्त इन्साफ, फिल्म बाहेर नेता येत नाही! मंगळवारी मोठे डॉक्टर बघतील, लेखी देतील, मग...”

“मंगळवारपर्यंत बासेलच्या सुतकाचे तिन्ही दिवस सरतील, डॉक्टरसाहेब! बाजूला व्हा!”

मिझना टेबलावरून उतरायला बघत होती. “मलाही ने. मी सांगते त्याला.”

“तू हलायचं नाहीस. तुझं खुब्याचं हाड खरोखर तुटलं तर मी काय करू? झोप!”

“मग त्याला रीशाचं सांग,” ती म्हणाली. तिच्या ओठांवर रक्तच उरलं नव्हतं. “ते आमच्या घराबाहेर कुणाला ठाऊक नाही. खाला, पळ ना!”

रुग्णवाहिका चालवायचा अबू सक्र. साठीचा माणूस, आयुष्यात कधी तिसरा गिअर टाकला नसेल. त्या दिवशी मी त्याला एवढ्या शिव्या घातल्या की त्याने बाजारातून गाडी उधळलेल्या घोड्यासारखी काढली. फिल्म मी मांडीवर धरल्या होत्या, औषधाचं पाणी झग्यावर ठिबकत होतं, आणि मी एकच गोष्ट घोकत होते: माझ्या तोंडामुळे. आधी गप्प बसले म्हणून एक जीव गेला, आता बोलले म्हणून दुसरा जाणार. मग माझ्यासारखीने करायचं तरी काय?

बेकरीसमोर गर्दी होती आणि गर्दी गप्प होती. लोखंडी शटर खाली ओढलेलं. दुपारच्या रोट्यांसाठी आलेली माणसं रिकाम्या पिशव्या घेऊन लांब उभी होती. शटरपाशी हायलचा चुलतभाऊ, हाताची घडी घालून. शटरखालच्या फटीतून जळक्या रोट्यांचा धूर येत होता. भट्टीतून कुणी काढतच नव्हतं त्यांना.

“सरक,” मी चुलतभावाला म्हटलं.

“बाई, परत जा. घरातली बाब आहे.”

“घरातली बाब माझ्या तोंडून सुरू झालीय. सरक म्हणते ना!”

त्याने मला हात लावला नाही, पण सरकलाही नाही. त्याच्या काखेखालून हात घालून मी शटरवर थापा मारल्या.

“हायल! मी इन्साफ, दवाखान्यातली! मी तुला चुकीचं सांगितलं!”

आतून हायलचा आवाज ऐकू आला, पण तो माझ्याशी बोलत नव्हता. शांतपणे विचारत होता, “कुठल्या हाताने? उजव्या की डाव्या? टेबलावर ठेव. तो हात आधी.”

आणि बासेलचा आवाज, तसाच, ऐकू न येणारा. “अल्लाची शपथ, मी तिला कधी... हायल, अल्लाची शपथ...”

“हायल!” मी किंचाळले. “माझ्या एका शब्दावर तू पिस्तूल काढलंस ना? मग माझा दुसरा शब्दही ऐकायचा! तिला कुणी मारलेलं नाही!”

“खाला, घरी जा.” आता तो माझ्याशी बोलला. “तूच म्हणालीस, बरगड्या आपोआप मोडत नाहीत. आता कोण भेटलं तुला? याची आई आली होती दवाखान्यात? पाया पडली?”

“कुणी आलं नाही! मी अर्धाच फोटो काढला होता, अर्ध्यावरून बोलले! मी मूर्ख आहे, माझी जीभ झडो! आता पुरता फोटो आणलाय!”

“ती बोलणार नाही, तूच म्हणालीस. ती भीतीने त्याला सांभाळून घेतेय.”

“ती बोललीय!” मी म्हटलं. “ती म्हणाली, हायलला रीशाचं विचार.”

भट्टीचा आवाज तेवढा येत होता.

“काय विचार म्हणाली?”

“रीशाला काय झालं होतं? तूच खांद्यावर घेऊन टेकडीवर नेत होतास ना?”

मग कडी वाजली आणि शटर गुडघ्याएवढं वर आलं. मी वाकून बघितलं. बासेल टेबलापाशी उभा होता, उजवा हात पिठात पसरून ठेवलेला, डोळे मिटलेले. पिस्तूल हायलच्या हातातच होतं. भट्टीच्या उजेडात त्याचा चेहरा मला ओळखू येईना.

“दाखव,” तो म्हणाला.

“आत दिसणार नाही. उजेड लागतो त्याला. बाहेर ये, उन्हात.”

त्याने शटर वर ढकललं आणि बाहेर आला. पिस्तूल खाली होतं, पण होतं. भरदुपारचं ऊन. मी फिल्म दोन्ही हातांनी डोक्यावर धरली, सूर्याकडे. फिल्म वाऱ्याने हलत होती, शेवटी चुलतभावाने एक कोपरा धरला.

“ही तिची कंबर. हा डावा पाय, हा उजवा. ही रेघ बघ. आता इकडची बघ.”

हायल डोळे बारीक करून बघत होता. जनावरांत वाढलेला माणूस. हाड त्याला माझ्याइतकंच कळत होतं. त्याने पिस्तुलाचा हात मागे घेतला आणि डाव्या हाताच्या बोटाने रेघ गाठली. मग दुसरी. मग पहिली परत.

“ह्या तिच्या बरगड्या. उजव्या तीन. आणि ह्या डाव्या. त्याच तीन. आता मला सांग, मी तुला काठी दिली आणि म्हटलं, दोन्ही बाजूंना बरोबर एकाच जागी मार, केसभर इकडेतिकडे नको, अंगावर वळही उठता कामा नये. जमेल तुला?”

त्याची नजर एका रेघेवरून दुसऱ्या रेघेवर फिरली.

“सहा जागी? जमेल?”

“रीशाचे पाय दोन्ही सारखेच वाकले होते,” हायल म्हणाला. स्वतःशीच बोलल्यासारखा. “एकीकडे जेवढे, तेवढेच दुसरीकडे.”

“कशाने?”

“अंधाराने. वडिलांनी लांडग्याच्या भीतीने गुहा बुजवली होती.”

आपल्याच तोंडचं ऐकून हळूहळू त्याची मान बेकरीकडे वळली आणि चेहरा पुन्हा लाल झाला. आता दुसरंच काहीतरी होणार होतं.

“म्हणजे तू मारलं नाहीस,” तो बासेलला म्हणाला. “तू कोंडलंस. माझ्या बहिणीला चार वर्षं...”

“तू शब्द घेतला होतास,” बासेल म्हणाला.

या खेपेला सगळ्यांना ऐकू आलं. त्याचा हात अजून पिठातच होता, उचलायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

“चौदा माणसांसमोर. परक्याची नजर पडू देणार नाही. समोर इमारत झाली तेव्हा मी तुझ्याकडे आलो होतो, हायल. तुमच्या तंबूत. म्हटलं, निदान मागची एक खिडकी उघडू का, मिझनाला कोंदट होतं. तू मला कॉफी दिलीस आणि म्हणालास, शब्द म्हणजे शब्द. खिडकी उघडायची असेल तर बहीण परत पाठव. मग मी झडपांना खिळे मारले. अठरा खिळे. मोजून.”

चुलतभावाने फिल्मचा कोपरा सोडला. तो त्या चौदांतला एक असणार, कारण तो जमिनीकडे बघायला लागला.

हायल माझ्याकडे वळला. एवढा आडवातिडवा गडी, पण त्या क्षणी मला तो टेकडीवर करडू घेऊन चढणारा पोर दिसला.

“खाला,” त्याने विचारलं, “मग तिच्या बरगड्या कुणी मोडल्या?”

उत्तर मला माहीत होतं. त्यालाही होतं. जिभेच्या टोकावर होतं, आणि आयुष्यात दुसऱ्यांदा मी ते गिळलं. या वेळी गिळलं ते बरोबर केलं, असं मला वाटतं.

त्याने पिस्तूल चुलतभावाच्या हातात दिलं. मग आत गेला, बासेलचा हात पिठातून उचलला आणि आपल्या कपाळाला लावला. बराच वेळ लावून ठेवला. बाहेर कुणीतरी खाकरलं, कुणीतरी पाठ फिरवली. पुरुषांना असल्या वेळी कुठे बघावं ते कळत नाही. मी बासेलसमोर गेले.

“मला माफ कर,” म्हणाले. “तुझा जीव माझ्या तोंडाने घेतला असता.”

“खाला, रोट्या जळताहेत,” तो म्हणाला, आणि खाली बसून लहान मुलासारखा रडायला लागला. रोट्या मीच काढल्या.

पोलिसांची गाडी आली तेव्हा तिघंही भट्टीपुढे चहा पीत होते. शिपायाने विचारलं, भांडण कुठाय? चुलतभाऊ म्हणाला, इथे कसलं भांडण?

आम्ही दवाखान्यात परतलो तेव्हा तीन वाजले होते. रक्ताचा निकाल यायला दोन दिवस लागणार होते, पण डॉक्टर इयाद फोनवर राजधानीच्या मोठ्या डॉक्टरांशी बोलले होते. औषधं लगेच सुरू करा, खुबा मुळीच हलवू नका, सहा-आठ महिन्यांत रेघा भरून येतील. आणि ऊन द्या, रोज. हात-पाय-तोंड उघडं ठेवून.

ऊन येतं ते फक्त आमच्या मधल्या अंगणात. त्याच्या तिन्ही बाजूंना सज्जे आहेत, आणि पुरुषांचा वॉर्ड वरच्या मजल्यावर. पायाला प्लास्टर घातलेले, नळ्या लावलेले रिकामटेकडे बाप्ये तिथे दिवसभर कठड्याला टेकून असतात.

मिझनाची खाट हायलने स्वतः ढकलत आणली. बासेल पलीकडून धरून होता. खाट उन्हात आली तसे वरचे सहा-सात जण खाली बघायला लागले. बघणारच, दुसरं काय करणार बिचारे! हायलने मान वर केली. त्याचा हात आपोआप कमरेकडे गेला, तिथे काही नव्हतं. मग त्याने डोक्याचा रुमाल सोडला, दोन्ही टोकं पसरून धरली आणि खाटेच्या आणि सज्ज्याच्या मध्ये भिंतीसारखा उभा राहिला.

मी बोलणार होते. माझं तोंड उघडलंही होतं.

त्याआधीच मिझनाने तोंडावरचं कापड काढून उशाला ठेवलं. बाह्या कोपरापर्यंत वर सारल्या. पांढरेफटक हात होते तिचे, आतल्या निळ्या शिरा दिसणारे. डोळे किलकिले करून तिने वर आभाळाकडे बघितलं, मग भावाकडे.

“हायल,” ती म्हणाली, “सरक ना. ऊन अडतंय.”

तो तसाच उभा राहिला. वरून कुणाची तरी कुबडी कठड्यावर वाजली. मग त्याचे हात खाली आले. रुमाल खांद्यावर टाकून तो बाजूला झाला आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर जाऊन बसला.